हळदीचा सौदा, पेंडीचा खटला आणि कायद्याचा पेपर

आधी एक प्रश्न वाचू. सांगलीतले हळदीचे व्यापारी ‘अ’ यांनी 1 तारखेला पुण्यातले मसाला उत्पादक ‘ब’ यांना पत्र लिहून शंभर क्विंटल हळद ठरावीक दराने द्यायची तयारी कळवली. पत्र 3 तारखेला दुपारी ‘ब’ यांच्या हाती पडलं. त्याच संध्याकाळी भाव चढला, म्हणून ‘अ’ यांनी प्रस्ताव मागे घेत असल्याचं दुसरं पत्र टपालात टाकलं. ‘ब’ यांनी 4 तारखेला सकाळी ‘मान्य आहे’ असं पत्र टाकलं. ‘अ’ यांचं माघारीचं पत्र ‘ब’ यांना 5 तारखेला मिळालं, आणि ‘ब’ यांचं होकाराचं पत्र ‘अ’ यांना 6 तारखेला. ‘अ’ म्हणतात, तुमच्या होकाराच्या आदल्या संध्याकाळीच मी माघार घेतली होती. तर मग करार झाला का?

एलएलबीच्या ‘कॉन्ट्रॅक्ट’च्या पेपरात या जातीचा प्रश्न हमखास असतो. आणि त्याचं हमखास येणारं उत्तर असं असतं: कराराची व्याख्या, प्रस्तावाची व्याख्या, स्वीकृतीची व्याख्या, वैध कराराच्या सगळ्या अटी, कार्बोलिक स्मोक बॉलचा खटला, बाल्फोर नवराबायकोचा खटला, आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी एक ओळ, ‘सबब करार झाला आहे.’ लिहिलेलं सगळं बरोबर असतं, तरी गुण पडतात निम्मे किंवा त्याहून कमी. मग कॉलेजच्या कट्ट्यावर ‘एवढं लिहून काय उपयोग’ सुरू होतं.

परीक्षकाचं काही चुकलेलं नसतं. ‘करार म्हणजे काय’ असं त्याने विचारलेलंच नव्हतं. दोन माणसांचं भांडण समोर ठेवून निवाडा मागितला होता. निवाडा कसा लिहायचा हे इंग्रजी पुस्तकांत ‘आयरॅक’ या नावाने शिकवतात: मुद्दा, नियम, नियमाची घटनेशी सांगड, निष्कर्ष. ती पद्धत चांगलीच आहे. पण तिच्यासाठी परदेशी गाईड विकत घ्यायची गरज नाही. आपल्याच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 20, नियम 4 मध्ये निकालपत्रात काय असावं ते सांगितलं आहे: दाव्याची थोडक्यात हकिकत, निर्णयासाठी निघालेले मुद्दे, त्यांवरचा निर्णय आणि त्याची कारणं. तालुक्याच्या न्यायालयातलं कुठलंही मराठी निकालपत्र उघडा. डावीकडे ‘मुद्दे’, उजवीकडे ‘निष्कर्ष’ असा छोटा तक्ता असतो आणि त्याखाली ‘कारणमीमांसा’. पेपरातलं उत्तर या साच्यात बसलं की निम्मं काम झालं. तक्ता काढायची गरज नाही, पण क्रम तोच ठेवावा.

आता हळदीकडे वळू. इथे मुद्दा एकच आहे: ‘अ’ यांनी प्रस्ताव वेळेत मागे घेतला का? स्मोक बॉल नको, बाल्फोर नको, वैध कराराच्या बाकीच्या अटीही नकोत. अ आणि ब सज्ञान आहेत का, मोबदला आहे का, यावर भांडणच नाही. फार तर एका वाक्यात ‘इतर अटींबाबत वाद नाही’ म्हणावं. लागणारा कायदा फक्त दोन कलमांत आहे, भारतीय करार अधिनियम 1872 चं कलम 4 आणि कलम 5.

कलम 4 सावकाश वाचण्यासारखं आहे. प्रस्ताव समोरच्याला कळला की त्याचं कळवणं पूर्ण होतं. स्वीकृतीच्या बाबतीत मात्र दोन वेगवेगळे क्षण सांगितले आहेत. प्रस्ताव करणाऱ्याविरुद्ध ती पूर्ण होते ती होकार देणाऱ्याच्या हातून पत्र सुटलं, परत घेता येईनासं झालं, त्या क्षणी. होकार देणाऱ्याविरुद्ध पूर्ण होते ती प्रस्ताव करणाऱ्याला ते कळल्यावर. माघारीलाही असेच दोन क्षण: जो माघार घेतो त्याच्याविरुद्ध पत्र टाकल्यावर, ज्याच्यासाठी घेतली त्याच्याविरुद्ध त्याला कळल्यावर. सगळं कलम या ‘विरुद्ध’ शब्दावर तोललेलं आहे. एकच पत्र दोन माणसांसाठी दोन वेगळ्या दिवशी ‘पूर्ण’ होतं, हे ज्याच्या ध्यानात आलं त्याला पाठांतर फारसं करावं लागत नाही. कलम 5 त्यावर रचलेलं आहे: स्वीकृती प्रस्ताव करणाऱ्याविरुद्ध पूर्ण होण्याआधी केव्हाही प्रस्ताव मागे घेता येतो, नंतर नाही.

मग उत्तराचा गाभा साधारण असा लिहिता येईल: ‘स्वीकृतीचे पत्र 4 तारखेला सकाळी टपालात पडताच ती स्वीकृती अ विरुद्ध पूर्ण झाली. माघारीचे पत्र अ यांनी 3 तारखेला पाठवले असले तरी ब विरुद्ध माघार पूर्ण झाली ती 5 तारखेला, म्हणजे ब यांना ते पत्र मिळाल्यावर. कलम 5 नुसार माघारीची मुदत 4 तारखेला सकाळीच संपली होती. 3 तारखेला पत्र पाठवले हा अ यांचा बचाव टिकत नाही, कारण ती तारीख फक्त अ यांना स्वतःला बांधते. सबब करार झाला.’ शेवटून दुसरं वाक्य पाहा. हरणाऱ्या पक्षाचं म्हणणं काय होतं आणि ते का पडलं, हे त्यात आहे. गुणांचा फरक बहुधा याच वाक्यात पडतो, आणि नेमकं तेच गाळलेलं असतं.

तयारी करताना प्रश्नातली एक तारीख हलवून पाहावी. माघारीचं पत्र 4 तारखेला सकाळी टपाल टाकण्यापूर्वीच ‘ब’ यांना मिळालं असतं तर? तर करार नाही. ‘ब’ यांनीच 5 तारखेला मन बदललं आणि फोन करून ‘माझं होकाराचं पत्र येईल, ते धरू नका’ असं सांगितलं तर? आपल्या कलम 5 प्रमाणे त्यांना तसं करता येतं, कारण त्यांच्याविरुद्ध स्वीकृती 6 तारखेपर्यंत पूर्ण व्हायची होती. असा एक प्रश्न चार बाजूंनी सोडवला, की गाईडमधली वीस पानं चाळण्यापेक्षा जास्त हाती लागतं. अधिनियमात कलमांखाली दिलेली उदाहरणं याच कामाची असतात. मुलं ती वगळून पुढे जातात आणि पेपर काढणारे तिथूनच प्रश्न उचलतात.

म्हणून बेअर अॅक्ट. छोटं, स्वस्त, टीपा नसलेलं पुस्तक. इंडिया कोडच्या संकेतस्थळावर ते फुकटही मिळतं. कलम वाचताना ‘आणि’ कुठे आहे, ‘किंवा’ कुठे आहे, परंतुक कशाला काढून घेतं, स्पष्टीकरण कशाला आत घेतं, हे पेन्सिलीने खुणा करत वाचावं. वकिलीची सनद टिकवण्यासाठी पुढे जी अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागते तिथे टीपा नसलेला बेअर अॅक्ट सोबत न्यायची मुभा असते. म्हणजे पुस्तक हातात असूनही कलम सापडत नाही अशी पाळी तिथे येऊ शकते. सापडण्याची सवय आधीच लागलेली बरी.

मराठीतून लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट. जिथे विद्यापीठाची मुभा आहे तिथे मराठीत उत्तर लिहिण्यात कमीपणा नाही, पण शब्द एकदा ठरवून घ्यावेत. एकाच उत्तरात पहिल्या पानावर ‘प्रस्ताव’, दुसऱ्यावर ‘देकार’ आणि तिसऱ्यावर ‘ऑफर’ आलं, की तपासणाऱ्याला या तीन गोष्टी आहेत की एक, असा प्रश्न पडतो. राज्याच्या भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश आणि केंद्रीय कायद्यांची अधिकृत मराठी भाषांतरं जवळ ठेवावीत. ‘वादकारण’, ‘कैफियत’, ‘सरतपासणी’ हे न्यायालयात रोज चालणारे शब्द आहेत, ते निःशंक वापरावेत. रूढ मराठी शब्द नसेल तिथे इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून पुढे जावं. स्वतः नवा शब्द पाडू नये.

केस लॉचं काय? पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात शेकडो खटल्यांची नावं कानावर पडतात. त्यांतले थोडेच मुळातून वाचून होतात. कुठले वाचायचे ते निवडताना माझा कल फरकाच्या निकालांकडे असतो, म्हणजे जिथे न्यायमूर्तींचंच एकमत झालं नाही असे. हळदीच्या प्रश्नाला लागूनच असलेला एक आपल्या बुलढाणा जिल्ह्यातला आहे: भगवानदास गोवर्धनदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल पुरुषोत्तमदास अँड कंपनी, एआयआर 1966 सर्वोच्च न्यायालय 543.

1959 साली अहमदाबादच्या व्यापाऱ्याने खामगावच्या केडिया जिनिंग फॅक्टरीशी लांब पल्ल्याच्या टेलिफोनवरून सरकीच्या पेंडीचा सौदा केला. माल आला नाही असं म्हणत त्याने अहमदाबादच्या न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा लावला. खामगावकर म्हणाले, आम्ही होकार दिला तो खामगावात बसून, करार झाला खामगावात, तेव्हा अहमदाबादला हा दावा चालवायचा अधिकारच नाही. प्रश्न उभा राहिला तो हा: फोनवरचा करार कुठे होतो, होकार बोलला जातो तिथे की ऐकला जातो तिथे?

बहुमताने ठरलं, ऐकला जातो तिथे, म्हणजे अहमदाबादला. न्या. शहा यांचं कारण असं, की फोनवर बोलणारे एका अर्थी समोरासमोरच असतात. होकार ऐकूच गेला नाही तर करार होणार नाही. टपालाचा नियम ही सोयीसाठी केलेली वेगळी व्यवस्था आहे, ती इथे ओढून आणता येत नाही. आणि 1872 साली कायदा लिहिणाऱ्यांपुढे टेलिफोन नव्हताच. न्या. हिदायतुल्ला यांचं मत वेगळं पडलं. कलम 4 चे शब्द स्पष्ट आहेत, होकार देणाऱ्याच्या हातून शब्द सुटले की प्रस्ताव करणाऱ्याविरुद्ध स्वीकृती पूर्ण, मग साधन पत्र असो वा तार असो वा फोन, असं त्यांनी मांडलं.

या निकालाचं टिपण वहीच्या एका पानात मावतं. हकिकतीच्या दोन ओळी, मुद्दा एका ओळीत, निर्णय एका ओळीत, कारण थोडं सविस्तर, भिन्न मत आणि शेवटी एक ओळ जी गाईडमध्ये कधीच नसते: हा निकाल कुठे लागू होत नाही. केडिया टपालाला लागू नाही. म्हणून हळदीच्या प्रश्नात तो ठोकून दिला तर गुण कमीच होतील. उलट प्रश्नात ‘ब’ यांनी फोन केला असता तर तोच निकाल उत्तराचा कणा झाला असता. व्हॉट्सअॅपच्या संदेशाचं काय, हा प्रश्न हल्ली व्हायवात विचारतात. तो फोनसारखा की पत्रासारखा, याची दोन्ही बाजूंची कारणं केडिया वाचलेल्याला देता येतात. तिथे परीक्षकाला ठाम उत्तरापेक्षा कारणंच ऐकायची असतात.

वाचताना हेडनोट आणि निकाल यांत गल्लत करू नये. हेडनोट रिपोर्टच्या संपादकाने केलेला गोषवारा असतो, न्यायालयाचे ते शब्द नव्हेत. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आता त्यांच्याच संकेतस्थळावर मोफत मिळतात, त्यामुळे ‘पुस्तक ग्रंथालयात नव्हतं’ ही सबब गेली. परीक्षेत खटल्याचं नाव आठवलं नाही तर ‘खामगावच्या सरकी पेंडीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले’ असं लिहावं. जाणकार परीक्षक ते समजून घेतो. वर्ष किंवा पान क्रमांक अंदाजाने मात्र टाकू नये.

फौजदारी कायद्याच्या विद्यार्थ्यांना सध्या आणखी एक कटकट आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. निकाल बहुतेक सगळे जुन्या कलमांचे, प्रश्न नव्या कलमांचे. खुनाची शिक्षा भारतीय दंड संहितेत 302 मध्ये होती, ती आता 103 मध्ये आहे. नव्या संहितेत 302 कलम आहेच, पण ते धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने बोललेल्या शब्दांबद्दल आहे. 304 आता हिसकावून नेण्याबद्दल. प्रक्रियेत तर फसवा आकडा आहे 482: जुन्या संहितेत उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, नव्या संहितेत अटकपूर्व जामीन. ‘482 खाली अर्ज’ एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला अर्थ लागणार नाही. म्हणून पहिल्या उल्लेखात कायद्याचं पूर्ण नाव आणि कलम द्यावं, जुना निकाल वापरताना ‘दंड संहितेचे कलम 300, अपवाद 1, आता न्याय संहितेचे कलम 101, अपवाद 1’ अशी जोडी लिहावी. प्रश्नातला गुन्हा 1 जुलै 2024 च्या आधीचा असेल तर जुनाच कायदा लागतो. तारीख प्रश्नात उगाच दिलेली नसते.

याच अपवादासाठी सगळे जण नानावटी खटला लिहितात, के. एम. नानावटी विरुद्ध महाराष्ट्र राज्य, 1962. नौदलाचा अधिकारी, पत्नी, प्रेम आहुजा ही सगळी कथा रंगवून दीड पान जातं. सिनेमे पाहिल्याचा तो परिणाम. कायद्याला त्या कथेतलं थोडंच हवं आहे. पत्नीने कबुली दिल्यानंतर नानावटीने तिला आणि मुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्वर घेतलं, आहुजाच्या कार्यालयात आणि मग घरी गेला. दुपारी दीडच्या सुमारास घरातून निघाल्यापासून चार वीसच्या सुमारास गोळी झाडेपर्यंत मध्ये बराच वेळ गेला होता आणि तेवढ्यात त्याने विचारपूर्वक पावलं टाकली होती. म्हणून ‘गंभीर आणि अचानक चिथावणी’ उरली नाही. पेपरातल्या प्रश्नात ‘दुसऱ्या दिवशी सकाळी’ किंवा ‘स्वयंपाकघरातली सुरी उचलून लगेच’ असे शब्द येतील, ते याच कसोटीवर घासून पाहायचे. प्रेमप्रकरण गाळलं तरी चालेल, घड्याळ गाळू नये.

वेळेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गुणांच्या प्रमाणात मिनिटं, समस्याप्रधान प्रश्नाला आधी दोन-तीन मिनिटं कच्च्या कागदावर तारखा आणि पक्ष मांडून घ्यायला, टिपा शेवटी. ज्यांच्या हाताला तीन तास लिहायची सवय उरलेली नाही त्यांनी घरी घड्याळ लावून दोन पेपर पूर्ण लिहावेत, एवढंच.

प्रात्यक्षिक पेपर मात्र वेळ मागतात. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांप्रमाणे मसुदालेखनाच्या पेपरात दाव्यांशी संबंधित पंधरा आणि दस्तांचे पंधरा मसुदे असतात. त्यांना प्रत्येकी 45 गुण आणि व्हायवाला 10. मूट आणि इंटर्नशिपच्या पेपरात तीन मूट, एका दिवाणी आणि एका फौजदारी खटल्याचं निरीक्षण, पक्षकाराच्या मुलाखती आणि पूर्वतयारीची नोंदवही. वरच्या वर्गातल्या कुणाचं तरी जर्नल मिळवून उतरवून काढायची प्रथा सगळीकडे आहे. त्यामुळे पन्नास मुलांच्या वादपत्रांत एकच वादी, एकच चतुःसीमा आणि एकच चुकलेली तारीख सापडते.

त्यापेक्षा आपलाच हळदीचा सौदा घ्यावा आणि ‘ब’ यांच्या वतीने वादपत्र लिहून बघावं. पहिल्याच परिच्छेदाला प्रश्न पडतो, दावा कुठे लावायचा? स्वीकृतीचं पत्र पुण्यात टाकलं, म्हणून करार पुण्यात झाला आणि वादकारणाचा भाग पुण्यात उद्भवला. प्रतिवादी सांगलीत धंदा करतो, म्हणून सांगलीतही लावता येईल. मागायचं काय? कलम 73 प्रमाणे नुकसानभरपाई, म्हणजे साधारणपणे ठरलेला दर आणि करारभंगाच्या दिवसाचा बाजारभाव यांतला फरक. त्यासाठी बाजार समितीच्या त्या दिवसाच्या दराची नोंद पुरावा म्हणून जोडावी लागेल. मुदत किती? मुदत अधिनियमाच्या अनुच्छेद 55 प्रमाणे तीन वर्षं. आणि मागणी तीन लाखांची किंवा वरची असेल तर व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतला मालविक्रीचा हा वाद वाणिज्यिक ठरतो. मग तातडीचा अंतरिम दिलासा मागायचा नसेल तर 2015 च्या वाणिज्यिक न्यायालय अधिनियमाच्या कलम 12अ प्रमाणे आधी मध्यस्थीचा मार्ग पाहावाच लागतो. पाटील ऑटोमेशनच्या 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते बंधनकारक ठरवलं. एका मसुद्यात करार, प्रक्रिया, मुदत आणि पुरावा असे चार विषय येऊन जातात.

निरीक्षणाच्या वहीतही ‘साक्षीदाराची साक्ष झाली, पुढील तारीख पडली’ एवढंच लिहून काही साधत नाही. सरतपासणीत साक्षीदार काय म्हणाला, उलटतपासणीत कुठला शब्द बदलला, वकिलांनी कुठल्या प्रश्नाला हरकत घेतली, न्यायाधीशांनी ती मान्य केली का, हे लिहावं. लैंगिक गुन्ह्याचा खटला असेल तर पीडितेची ओळख पटेल असं काहीही वहीत येता कामा नये. न्याय संहितेच्या कलम 72 खाली तशी ओळख छापणं किंवा प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे.

प्रोजेक्ट आणि मूटच्या लेखी युक्तिवादासाठी आता सर्रास चॅटबॉट वापरले जातात. सुरुवातीचा आराखडा करायला हरकत नाही, पण त्याने दिलेला प्रत्येक खटला मूळ संकेतस्थळावर उघडून पाहावा. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या ‘माटा विरुद्ध एव्हिआंका’ प्रकरणात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल न्यायालयात दाखल केले आणि पाच हजार डॉलरचा दंड बसला. मूटच्या परीक्षकाला तेवढं करावं लागत नाही. ‘या निकालाचा तेरावा परिच्छेद वाचून दाखवा’ म्हटलं की पुरे.

व्हायवाच्या आदल्या दिवशी बाकी काही नाही तरी स्वतःचं जर्नल पहिल्यापासून वाचून काढावं. प्रश्न बहुतेक त्यातूनच येतात: या वादपत्रात वादकारण कुठल्या परिच्छेदात आहे, हे साठेखत आणि खरेदीखत यांत फरक काय, नोंदणी कशाची सक्तीची. आणि शेवटच्या पानावरची पडताळणी बोट ठेवून विचारतात. कुठले परिच्छेद वादीच्या स्वतःच्या माहितीतले आणि कुठले मिळालेल्या माहितीवरून खरे मानलेले, ते आदेश 6, नियम 15 प्रमाणे क्रमांक देऊन लिहावं लागतं. उतरवून काढलेल्या मसुद्यात तिथे ‘परिच्छेद 1 ते 12’ असतं, आणि मसुद्यात परिच्छेद असतात नऊ.